पोर्ट-स्टारबोर्डला मराठीत काय म्हणतात? (शीड, सुकाणू, नांगर आणि इतर)

सागरगोटा

नमस्कार मंडळी. मुलगी १२ वर्षांची आहे, या वर्षी तिला सेलिंग शिकायला घातलंय. ऑप्टिमिस्ट नावाची छोटी बोट असते, जेमतेम २.३ मीटर लांब, एक पोर एक शीड, दिसायला बाथटबला शीड लावल्यासारखी. घरी आली की तोंडात नुसतं पोर्ट, स्टारबोर्ड, टॅक, जाइब, लीवर्ड, बूम.

आमचे सासरे रेवदंड्याकडचे. त्यांचे वडील मचव्यावर (शिडाची मालवाहू बोट) तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, मंगळुरी कौलं मुंबईला आणायचे. नात बोलायला लागली की ते शांतपणे ऐकतात आणि मग म्हणतात, "अगं याला आमच्यात परबाण म्हणायचे, त्या दोरीला दामण." आता दोघांत रोज जुंपते. पोरीने वही केलीय, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आजोबांचे. पण वही अर्धी रिकामी आहे. सासऱ्यांना शीड, डोलकाठी, परबाण (शीड बांधायचं लांब तिरकं लाकूड), दामण (शीड ओढून धरायची दोरी), सुकाणू, नाळ (बोटीचं पुढचं टोक), पठाण (बोटीच्या तळाचा कणा) एवढं आठवतं. पोर्ट, स्टारबोर्ड, विंडवर्ड, लीवर्ड, टॅक, जाइब, बूम यांना काय म्हणायचं? कोणाला माहीत आहे का? शब्दकोशातले संस्कृत शब्द नकोत प्लीज, बोटीवर खरंच बोलतात ते हवेत.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडं समुद्र नाही पण धाग्याला हजेरी. नांगर तेवढा आम्हाले माहीत आहे.

तांबडा_रस्सा

@वऱ्हाडी, तुमचा नांगर चालतो, यांचा नांगर टाकला की सगळं थांबतं. एकाच शब्दाचे उलटे उद्योग.

मोडीप्रेमी

शब्द एकच दिसतो पण दोन वेगळे आहेत. शेतातला नांगर संस्कृत लाङ्गल वरून, बोटीचा नांगर फारसी लंगर वरून. घासून घासून मराठीत दोघांचा उच्चार सारखा झाला.

आणि धाग्याच्या विषयावर: आपले बोटीवरचे बरेच शब्द अरबी-फारसीतून आलेत. सुकाणू अरबी सुक्कान. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, नाव अधिक खुदा, नावेचा धनी. सारंग म्हणजे फारसी सरहंग. मालीम म्हणजे अरबी मुअल्लिम, शिकवणारा, दिशा दाखवणारा तो मास्तरच. बंदर फारसी. आरमार मात्र पोर्तुगीज आर्मादा. म्हणजे "बोटीवर खरंच बोलतात ते" शब्द शोधायला गेलात तर शुद्ध मराठी असं काही हाताला लागणार नाही, आणि लागू नये. दर्यावर ज्याच्याशी गाठ पडली त्याचा शब्द घेतला.

देवघेव दोन्ही बाजूंनी झालीय. इंग्रजांनी आपल्या गुराब या लढाऊ जहाजाचं ग्रॅब केलं, गुराब म्हणजे अरबीत कावळा. गलबताचा भाऊ गॅलिवॅट. तांडेलाचं टिंडल, सारंगाचं सेरंग, लष्करचं लॅस्कर. कॅटामरान तर तमिळ, बांधलेली लाकडं. त्यामुळे पोरीने आजोबांना हरवलं असं समजू नका, सामना बरोबरीत आहे.

सेकंड_मेट

मर्चंट नेव्हीत १४ वर्षं झाली म्हणून लिहितो.

पोर्ट-स्टारबोर्डला डावं-उजवं म्हणू नका, कारण ते डावं-उजवं नाहीच. माझा डावा हात मी वळलो की बदलतो. बोटीचा पोर्ट बदलत नाही. नाळेकडे तोंड करून उभं राहिल्यावर जी डावी येते ती पोर्ट, मग तुम्ही उलटे उभे राहा नाहीतर झोपा. रात्री समोरून बोट येतेय आणि दोन माणसं एकमेकांना "डावीकडे, डावीकडे" ओरडतायत हे डोळ्यांसमोर आणा.

स्टारबोर्ड म्हणजे स्टिअरबोर्ड. जुन्या युरोपी बोटींना सुकाणू मागे मध्यभागी नव्हतं, उजव्या अंगाला मोठं वल्हं असायचं. ते धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून बोट डाव्या अंगाने लावायची, ती पोर्टची बाजू. आधी तिला लारबोर्ड म्हणत. वादळात लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखेच ऐकू येतात, म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंद करून पोर्ट हाच शब्द पक्का केला. आज आमच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) फिलिपिनो, युक्रेनियन, मराठी कोणीही असो, सुकाणूवाल्याला हुकूम त्याच ठरलेल्या इंग्रजी शब्दांत, आणि त्याने तो हुकूम परत म्हणून दाखवायचा.

दिवे: पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा.

शेवटचा_डबा

पाठ करायला सोप्पंय. डावे लाल. लाल बावटा कुठल्या बाजूचा हे मराठी माणसाला सांगायला लागत नाही.

तांबडा_रस्सा

आणि उजवे हिरवे?? इथे घोटाळा होतोय दादा

शेवटचा_डबा

समुद्रात गेल्यावर युती बदलते.

खाडीपलीकडे

राजकारण सुरू व्हायच्या आत विषयावर आणतो. पॉश शब्द पण इथूनच आलाय. लंडन ते मुंबई बोटीने येताना पोर्टची केबिन सावलीत, जाताना स्टारबोर्डची. श्रीमंत लोक "पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम" अशी तिकिटं काढायचे, त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश. आपल्या मुंबईमुळे आलेला शब्द!

मोडीप्रेमी

गोष्ट झकास आहे पण खरी नाही. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही, बोट कंपनीच्या कागदपत्रांतही नाही. आधी शब्द रुळला, मग कोणीतरी त्याला बोटीवर चढवला.

खाडीपलीकडे

२० वर्षं सांगतोय हो मी ही गोष्ट लोकांना. लग्नाआधी बायकोला इंप्रेस करायला पण हीच सांगितली होती.

वऱ्हाडी_ठेचा

तिले सांगू नका आता. सोळा आणे काम झालं आहे त्या गोष्टीचं.

मालवणी_खाजा

आमच्याकडे मासेमारीच्या बोटीवर अजून बरेच शब्द आहेत पण ते शिडाचे नाहीत. इंजिन आलं आणि शीड गेलं, शिडाबरोबर त्याच्या दोऱ्यांची नावं गेली. कोणाच्या तोंडात परबाण राहील, परबाणच नाही तर? पण पाण्याचे आणि जाळ्याचे शब्द ठणठणीत आहेत. भरती, सुकती म्हणजे ओहोटी, उधाण, भांग. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. उलांडी, म्हणजे होडीच्या एका बाजूला आडव्या लाकडांवर बांधलेला ओंडका, होडी कलंडू नये म्हणून. खोली अजून वावात, दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर तो एक वाव. दोरी ओढून घेताना हात पसरत पसरत मोजायचं. आता फिश फाइंडर मीटरमध्ये दाखवतो तरी आमचो म्हातारो इचारता, "वाव किती ता सांग, मीटर माका कळणत नाय."

सेकंड_मेट

@मालवणी_खाजा भारी! इंग्रजी फॅदम तोच आहे, पसरलेले दोन हात, ६ फूट. दोन किनाऱ्यांवर दोन माणसांनी दोरी तशीच ओढली.

धडपड्या

म्हणजे "सुधारणेला वाव आहे" म्हणजे सहा फूट सुधारणा?

मालवणी_खाजा

तुझ्या बाबतीत शंभर वाव.

सुरमई_फ्राय

भांग काय असतो? केसातला?

मालवणी_खाजा

अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप चढतं खूप उतरतं ते उधाण. अष्टमीच्या आसपास चंद्र सूर्य काटकोनात, पाणी मेल्यासारखं, ना धड भरती ना ओहोटी, तो भांग.

गणिताच्या_बाई

उधाण-भांग निघालंच आहे तर कोकणातला भरतीचा हिशोब लिहिते, माझ्या आजीने शिकवलेला. तिथीला ३ ने गुणायचं, ४ ने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. पहाटेची आणि संध्याकाळची दोन्ही साधारण तीच, आणि ओहोटी सहा-सव्वासहा तासांनी. शाळेत मुलांना हे सांगितलं की पाऊणकीचा पाढा एकदम आवडायला लागतो. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो म्हणून भरती तेवढी पुढे सरकते, आपण पाऊण तास धरतो. थोडा फरक पडतो, आणि खाडीत आत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, पण धक्क्यावर कधी जायचं एवढं नक्की कळतं.

धडपड्या

आज षष्ठी. साडेचार. ॲपमध्ये बघितलं, ४:५२ दाखवतंय. आजी जिंदाबाद

पर्वरीकर

गोव्यातून. इथे बांधकामावर, गोदीत, क्रेनखाली उभा राहून माणूस ओरडतो ते ऐकलंय का कोणी? वर घ्यायचं असेल तर "हाबेस", खाली सोडायचं असेल तर "आरिया". आरिया म्हणजे पोर्तुगीज आरियार, शीड खाली घेणे. पाचशे वर्षांपूर्वीचा बोटीवरचा हुकूम आज बिहारी रिगर काँक्रीटची बादली उतरवायला वापरतो.

ठाणे_वेस्ट_पूर्वेला

आईशप्पथ!! माझ्या बाबांच्या फॅक्टरीत पण म्हणायचे. मला वाटायचं आरिया नावाचा कोणी ऑपरेटर आहे.

मोडीप्रेमी

पर्वरीकर, मस्त. बोटीवरची ही मिश्र बोली इंग्रज अधिकाऱ्यांनाही शिकावी लागायची, १८११ साली कलकत्त्याला थॉमस रोबकने इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक शब्दकोशच छापला. सागरगोटा, तुमच्या मुलीची वही म्हणजे त्याचीच पुढची आवृत्ती.

कालवाकाठी

नेदरलँड्सहून. इथे शाळेतली पोरं कालव्यात ऑप्टिमिस्ट चालवतात, आमचा मुलगाही. डचमध्ये स्टिऊरबोर्ड आणि बाकबोर्ड. सुकाणूवाला उजव्या बाजूचं वल्हं धरून बसला की त्याची पाठ ज्या बाजूला ती बाकबोर्ड. पाठीकडची बाजू. असं काही मराठीत पण करता येईल की. सुकाणबाजू आणि पाठबाजू?

सेकंड_मेट

ऐकायला गोड आहे पण आपल्या बोटींना उजव्या अंगाला सुकाणू होतं कुठे, मागे मध्यभागीच. उधारीची गोष्ट होईल. पोर्ट-स्टारबोर्ड जसेच्या तसे घ्या असं माझं मत. बंदर घेतलं, आरमार घेतलं, हे दोन घ्यायला काय हरकत.

कोल्हापुरी_मावशी

बाकी सगळं ठीक पण बोट लागते त्याचं औषध सांगा कोणीतरी. मागच्या वर्षी गेटवेहून मांडव्याला गेलो, तासाभराचा प्रवास, मी पूर्ण वेळ पिशवीत तोंड घालून. ह्यांनी फोटो काढले वर.

ठाणे_वेस्ट_पूर्वेला

मावशी, डेकवर उघड्यावर उभं राहायचं आणि क्षितिजाकडे बघत राहायचं, मोबाइलकडे नाही. पोट रिकामं ठेवायचं नाही. आणि "बोट लागली" हे परभाषिकाला सांगून बघा, त्याला वाटतं बोट धक्क्याला लागली, तो सामान घेऊन उठतो.

खाडीपलीकडे

आमची आजी कधीच बोटीत बसली नाही. रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली ना, १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. सहाशेच्या वर माणसं गेली. आजीच्या माहेरच्या गल्लीतली दोन घरं त्यात गेली. ती आम्हाला बोटीने अलिबागला जाऊ द्यायची नाही, एसटीने वळसा घालून पाठवायची. लहानपणी राग यायचा.

मालवणी_खाजा

आषाढात दर्यात जाऊच नये. आगोटीला, म्हणजे पावसाळा तोंडावर आला की, होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवायच्या त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. आता १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी आहे, पण जुन्या लोकांना कागद लागत नव्हता. बंदरावर ३ नंबरचा बावटा (खराब हवामानाचा इशारा) लागला की पोरंसुद्धा परत यायची.

धडपड्या

वेगाचं पण सांगा कोणीतरी. बातमीत वाचलं "ताशी ४० नॉट वेगाने". नॉट म्हणजे काय, गाठच ना?

सेकंड_मेट

गाठच. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारायच्या, टोकाला लाकडी फळी बांधून पाण्यात सोडायची. फळी पाण्यात जागच्या जागी राहते, बोट पुढे जाते, दोरी हातातून सुटत जाते. वाळूचं घड्याळ संपेपर्यंत किती गाठी गेल्या ते मोजायचं. २८ सेकंदांचं घड्याळ असेल तर गाठीतलं अंतर ४७ फूट ३ इंच. ५ गाठी गेल्या तर वेग ५ नॉट. १ नॉट म्हणजे तासाला १ सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणून "ताशी ४० नॉट" चूक. ताशी त्या शब्दातच आहे.

तांबडा_रस्सा

"पिवळा पीतांबर" च्या पंगतीला बसवा याला.

सागरगोटा

बापरे, दोन दिवस कामात होते, इथे तर भरती आली! सगळ्यांचे आभार, पाऊणकीचा हिशोब वहीत गेला, आरिया पण गेला.

पण माझे अर्धे शब्द राहिलेच. टॅक, जाइब, बूम? काल एक गंमत झाली. पोरीला टिलर (सुकाणूचा दांडा) उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते हे तोंडपाठ आहे, पण घाईत अजून उलटं करते. सासरे म्हणाले तुला सुकाणू कळत नाही. ती म्हणाली आजोबा तुमच्या बोटीवर टॅक कसा मारायचात ते सांगा. ते गप्पच झाले. म्हणाले "आम्ही असं तोंड वाऱ्यात घालतच नव्हतो." म्हणजे काय?

सेकंड_मेट

म्हणजे म्हातारबाबांनी एकदम नेमकं सांगितलंय.

टॅक करताना बोटीची नाळ वाऱ्याच्या तोंडातून फिरवायची, शीड आपोआप दुसऱ्या बाजूला जातं. ऑप्टिमिस्टला हे जमतं. मचवा, पडाव, फतेमारी या आपल्या जुन्या बोटींचं तिकोनी-चौकोनी मोठं शीड लांबलचक तिरक्या परबाणावर बांधलेलं असतं आणि ते डोलकाठीच्या एका अंगाला असतं. वाऱ्याच्या तोंडातून फिरवलं तर शीड डोलकाठीवरच चिकटून बसणार. म्हणून ते उलट्या बाजूने फिरायचे, वारा पाठीवर घेऊन (ऑप्टिमिस्टवर असं फिरणं म्हणजे जाइब), आणि चार-सहा खलाशी मिळून अख्खं परबाण डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या अंगाला न्यायचे. त्यामुळे टॅकला जुना शब्द सापडत नाही यात नवल नाही, ती गोष्टच ते क्वचित करायचे.

बूमचं तेच. बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचं आडवं लाकूड. आपल्या शिडाला खाली लाकूडच नव्हतं, खालचं टोक दामणीने ओढून धरायचं बस.

जाता जाता: टिलर एकीकडे, बोट दुसरीकडे या गोंधळाने मोठी माणसंही दमलीत. पूर्वी हुकूम टिलरच्या हिशोबाने असायचे, "स्टारबोर्ड" म्हटलं की टिलर उजवीकडे, म्हणजे बोट डावीकडे. १९१२ ला टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर "हार्ड अ स्टारबोर्ड" म्हणाले आणि बोट डावीकडे वळली, ते बरोबरच होतं तेव्हाच्या पद्धतीने. १९३० च्या दशकात ते बदललं. पोरीला सांगा ती एकटी नाही.

मोडीप्रेमी

हे पटलं. म्हणजे जिथे बोटीवर ती वस्तू होती तिथे आपला शब्द आहे, जिथे नव्हती तिथे नाही. मग विंडवर्ड-लीवर्डला असायलाच हवा, वारा तर होता.

मालवणी_खाजा

वाऱ्याकडची बाजू आणि आडोशाची बाजू. आमच्याकडे एवढंच, सरळ. वाऱ्याकडे थुंकू नये आणि वाऱ्याकडून जाळं टाकू नये. पहिला नियम एकदा मोडला की आयुष्यभर लक्षात राहतो.

गणिताच्या_बाई

वाऱ्याला नावं पण आहेत ना. जमिनीवरून रात्री-पहाटे समुद्राकडे जातो तो मतलई, दुपारी समुद्राकडून येतो तो खारा वारा. भूगोलात आम्ही शिकवतो, पण हे शब्द पुस्तकाने केलेले नाहीत. पहाटे मतलईवर बाहेर जायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी. इंजिन नव्हतं तेव्हा हेच वेळापत्रक.

कालवाकाठी

आणि अगदीच सगळं गेलं असंही नाही. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, पहिले भारतीय. ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, नाव म्हादेई. इथे आमच्या सेलिंग क्लबमध्ये सांगितलं तर म्हातारे डच उठून उभे राहिले होते.

पर्वरीकर

म्हादेई आमची! आणि ती टाके घालून शिवलेली कौंडिण्य पण इकडेच बांधली, लाकडाच्या फळ्या काथ्याने शिवून, अजिंठ्याच्या चित्रातली बोट बघून. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. शब्द नसले तर चित्र बघून बोट करता येते बघा.

सागरगोटा

रविवारचा वृत्तांत. सासऱ्यांना घेऊन धक्क्यावर गेलो. त्यांनी ऑप्टिमिस्ट पहिल्यांदा जवळून पाहिली. बराच वेळ बूमकडे बघत होते, मग म्हणाले, "हे आडवं लाकूड कशाला? डोकं फोडायला?" आणि अगदी तेव्हाच शेजारच्या बोटीत एका पोराच्या कपाळाला बूम लागलं (बरं आहे, टेंगूळ आलंय फक्त). पोरीने वहीत लिहून टाकलं: बूम म्हणजे डोकंफोडी.

पोर्ट-स्टारबोर्ड तसेच ठेवले, सेकंड_मेट यांचं ऐकून. विंडवर्ड म्हणजे वाऱ्याकडची, लीवर्ड आडोशाची. टॅक टॅकच. जाइब अजून राहिलंय.

वऱ्हाडी_ठेचा

जाइब केली का डोकंफोडी फिरते ना? मंग शब्द कशाले पायजे. "वाका!" म्हणा.

सेकंड_मेट

हसू नका, इंग्रजीतही जाइब करायच्या आधी ओरडून सांगायचीच पद्धत आहे. "वाका" दोन अक्षरी, वाऱ्यातही ऐकू जाईल. मी मत देतो.

सागरगोटा

कळवते. आज प्रॅक्टिसला पोरीने सुरू केलं, संध्याकाळपर्यंत अख्खी बॅच "वाका" ओरडत होती. त्यात एक तमिळ मुलगा आणि एक मारवाडी मुलगी आहे. सर विचारत होते हा कुठल्या पुस्तकातला शब्द.

वऱ्हाडी_ठेचा

सांगा अकोल्याच्या आरमारातला.

धडपड्या

बाई, तिथीचा तो हिशोब अधिक महिन्यात पण चालतो का?

गणिताच्या_बाई

चंद्राला अधिक महिना कळत नाही रे. चालतो. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं तेवढं लक्षात ठेव.